क्लेटनच्या शेजारचा माणूस

अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या त्या गावात नदीन नावाची बाई तीस वर्षं रोडिओचे, म्हणजे बैल-घोड्यांवरच्या स्वारीच्या स्पर्धांचे, फोटो काढत होती. त्या मंगळवारी ती आपल्या फोटोच्या दुकानात चौकटी पुसत बसली असताना वेंडेल टॉलिव्हर आत आला. त्याचा धाकटा भाऊ क्लेटन महिन्यापूर्वी स्वारी करताना बैलाच्या पायाखाली सापडून गेला होता. जत्रेच्या सभागृहात दरवर्षी दिवंगत स्वारांचे फोटो लागत, त्यासाठी वेंडेलला क्लेटनचा फोटो हवा होता.

नदीनने तिच्याकडचा सगळ्यात चांगला फोटो शोधून पुढे ठेवला. समलिंगी स्वारांच्या रोडिओतला. धुळीने माखलेला क्लेटन मनापासून हसतोय आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून रुबेन उभा आहे. बावीस वर्षं दोघांनी एकत्र घोडी सांभाळली, संसार केला. पण टॉलिव्हरांच्या घरात रुबेनचं नाव निघत नसे. निधनाच्या बातमीत क्लेटन अविवाहित ठरला आणि अंत्यविधीला रुबेन शेवटच्या बाकावर बसला.

"हा बाजूचा तेवढा काप," वेंडेल म्हणाला. "गावात शोभा नको."

"खांद्यावरचा हात कसा कापू?"

"आजवर कापत आलीस की. सगळ्यांना ठाऊक आहे."

ते खरंच होतं. घरोघरच्या अब्रूसाठी तिने असे कितीतरी जोडीदार फोटोतून उडवले होते आणि दर वेळी मनाची समजूत घातली होती. आज तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कापले. पण यापुढे नाही," ती म्हणाली. "लावायचा तर अख्खा लाव."

वेंडेल जत्रेच्या समितीवर होता. दुसऱ्याच दिवशी तिचं जत्रेतलं फोटो काढायचं काम काढून घेतल्याचा निरोप आला. नदीनने तोच फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला, खाली दोघांची पूर्ण नावं लिहिली. लोक थांबले, कुजबुजले. कुणीतरी काचेवर शेण मारलं. तिने काच धुतली, फोटो हलवला नाही.

शनिवारी भर दुपारी क्लेटनची आई, ऑर्फा, रुबेनचा हात धरून रस्त्याने चालत आली. बावीस वर्षं तीही तोंड मिटून राहिली होती. काचेपुढे ती बराच वेळ थांबली. रस्त्याच्या पलीकडून वेंडेल तिला गाडीत बसायला सांगत होता, लोक बघतायत म्हणत होता.

"बघू देत," ती म्हणाली आणि दार ढकलून आत आली.

"नदीन, आमचा फोटो काढ. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. खाली लिही, ऑर्फा टॉलिव्हर आणि तिचा जावई."