जोड्याचा दंड

देऊळघाटात अशी एक वाहाण नव्हती, जिची रुखमाबाईच्या नाकाशी ओळख नव्हती. तिला मिरगी होती. ती बाजारात आडवी झाली, की माणसं भाजी टाकून धावायची आणि ज्याच्या पायात जे असेल ते तिच्या नाकाला लावायची. जोडा हुंगवला की मिरगी उतरते, हे गावाचं वेदवाक्य. शुद्धीवर येताना, डोळे उघडण्याआधीच ती विचारायची, "पुंजाजी, गोठ्यातून सिधा इकडंच आला का रे?"

मग ती नागपूरला जाऊन आली. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि झटका आपोआपच थांबतो, जोड्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हेही सांगितलं. रुखमाबाईला पहिला राग आला तो आजवर घेतलेल्या वासांचा. हा डॉक्टर मिरगी कोणाला येते, कशानं येते, याचा खेडोपाडी शोध घ्यायला निघाला होता. पण त्याच्याजवळ फिरायला पैसा नव्हता, आणि रोगीही सापडत नव्हते. ज्या घरात मिरगी, त्या घरच्या पोरींची लग्नं अडायची. मग घरोघरी एकच उत्तर, "आमच्यात नाही बा असलं काही."

"पैशाचं मी पाहते," रुखमाबाई त्याला म्हणाली. "गावभरचे जोडे हायेत माह्याकडं."

गोळ्यांनी झटके कमी झाले, पण बंद झाले नाहीत. तिनं उरलेल्या झटक्यांनाच कामाला लावलं. नाकाला लागेल तो जोडा जप्त. डॉक्टरच्या शोधासाठी डब्यात पैसे टाका आणि जोडा सोडवून न्या. पहिल्याच बाजारी सरपंच सापडले आणि एका पायानं अनवाणी घरी गेले. पुंजाजी बेरकी. त्यानं मुद्दाम अंगठा तुटलेली वाहाण आणून लावली आणि सोडवायला आलाच नाही. रुखमाबाईनं ती चावडीच्या दारावर टांगली आणि कोणाची आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली. शेवटी तो मुकाट्यानं पैसे टाकून गेला.

नवरा किसनराव हे सगळं दात ओठ खाऊन सोसत होता. पण मेहकरच्या कारभारीबुवांच्या घरात लेकीची, कोकिळेची सोयरिक जुळत आली, तेव्हा त्यानं बायकोपुढं हात जोडले. "एक दिवस तोंडाले कुलूप लाव. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

तिलाही पटलं. कोकिळेला मुलगा मनापासून आवडला होता. पोरगी बोलली नव्हती, पण दूध दोनदा उतू गेलं तेव्हा आईला समजलं. रुखमाबाईनं पैशांचा डबा गुरांच्या कुटाराच्या ढिगात लपवला.

पाहुणे आले, चहा झाला, आणि नेमकी सुपारी फुटायच्या वेळी ती आडवी झाली.

शुद्धीवर आली तेव्हा नाकाशी कोरं करकरीत कातडं होतं. हा वास तिच्या ओळखीचा नव्हता. कोणीतरी तिला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली उपरण्याची घडी ठेवली होती. शेजारी एका पायात जोडा घातलेले कारभारीबुवा बसले होते. किसनराव जो विचारील त्याला सांगत होता, "उपास होता. चक्कर आली."

रुखमाबाईनं लेकीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गप्प राहिलं तर सोयरिक वाचत होती. पण मग पोरीनं सासरी जन्मभर आईचं दुखणं लपवायचं, आणि आईनं लेकीच्या घरी जाताना चोरासारखं जायचं. रुखमाबाईला भीती वाटली, फार वाटली.

"चक्कर नाही," ती म्हणाली. "मिरगी हाय. लय वर्सांची."

कारभारीबुवांचा भाऊ ताडकन उठला. "चला दादा. फसवलं आपल्याले." पण दादा उठेनात. त्यांचा जोडा रुखमाबाईच्या हातात होता.

"इवाईबुवा, एक सांगा," ती होऊ घातलेल्या व्याह्यांना म्हणाली. "लोक जोडा लावतात अन् पयतात. तुम्ही मले कुशीवर घेतलं, डोक्याखाली उपरणं देलं. सराईत हात हाय तुमचा. घरी कोणाले येते?"

नवरा मुलगाच, उद्धव, म्हणाला, "माह्या बहिणीले, प्रतिमाले. पाहुणे आले का आमी तिले मांगच्या खोलीत बसवतो."

"उद्धव," कारभारीबुवा दटावून म्हणाले.

"तिले लग्नात आणा. मांडवात मधोमध बसवा," रुखमाबाई म्हणाली. "अन् नागपूरच्या डॉक्टरले तिचं नाव सांगा."

"मंग तिच्यासंग लग्न कोण करीन?" कारभारीबुवांनी विचारलं.

"आता कोण करून राह्यलं?"

मग कारभारीबुवांनी स्वतःच सुपारी पुढं केली.

लग्नाला प्रतिमा आली. शालू नेसून, अंग चोरून, मधोमध बसली. माणसांच्या गर्दीची तिला सवयच राहिली नव्हती. मंगलाष्टकं संपली, ताशा कडाडला, आणि ती कोसळली. अर्ध्या मांडवाचे हात पायांकडं गेले.

"खबरदार, कोणी जोडा काढला तर," रुखमाबाई कडाडली.

कारभारीबुवांनी सगळ्या भावकीदेखत खाली बैठक मारली, लेकीला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

थोड्या वेळानं प्रतिमानं डोळे उघडले. "बाबा, लोक पाहून राह्यले," ती पुटपुटली आणि पदर तोंडावर ओढायला लागली.

"पाहू दे," ते म्हणाले आणि त्यांनी पदर बाजूला केला.

तोवर रुखमाबाई अक्षतांचं रिकामं ताट घेऊन वऱ्हाडात शिरली होती.

"फुकट काऊन पाहता?" ती एकेकाला म्हणत होती. "टाका ताटात."