यंत्रांची सुट्टी

श्रीनिवासरावांच्या घरात लाल ठिपक्यांना मोठा मान होता. बंद असूनही जळणारा टीव्हीचा ठिपका, सेट-टॉप बॉक्सचा, स्पीकरचा, कॉम्प्युटरचा, प्रिंटरचा. रिमोटनं बंद केलं की झालं, भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही, सारखी उघडझाप केली की यंत्रं मरतात, असा त्यांचा सिद्धांत होता. कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस विजेवर इतक्या ठामपणे बोलू लागला की सुनेनं गप्प बसावं हे बरं. पण श्रीविद्या गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"मामंजी, बंद असून ही पेटी गरम कां?" सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून ती विचारायची. "करंट खाते म्हणूनच ना?"

"खाऊं दे. मुंगीएवढं खाईल."

एकच मुंगी असती तर तिनंही सोडून दिलं असतं. पण तंजावुरच्या राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत करंट गेला की अख्खं घर इन्व्हर्टरवर चालायचं, आणि त्याच इन्व्हर्टरवर सासूबाईंची हवेची गादीही चालायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून हिराबाई पडून होत्या. गादीचा छोटा पंप सतत हवा खेळती ठेवी, म्हणून त्यांची पाठ शाबूत होती. मागच्या महिन्यात एका सकाळी वादळात करंट गेला, दुपारच्या कॉफीआधीच बॅटरी संपली, गादी चपटी झाली आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर लालभडक चट्टा उठला. पुन्हा असं झालं तर जखम होईल आणि या वयात ती लवकर भरत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून पंखा जरा मंदावला तरी श्रीविद्या गादी चाचपायला धावायची. तिनं सासऱ्यांना पुन्हा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी तंजावुरात रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना आंघोळ आणि सुट्टी. दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत पुजलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. सकाळीच श्रीनिवासरावांनी भिंतीवरची बटणं स्वतः बंद केली, प्लग उपसले, धूळ पुसली आणि एकेका यंत्राला चंदन-कुंकू लावलं. उघडझापीचा सिद्धांत देवापुढं कुठं जातो, कोण जाणे.

गादीच्या पंपालाही त्यांनी कुंकू लावलं. "ह्यास मात्र सुट्टी नाही," ते म्हणाले.

"मजपण लावा," हिराबाई पलंगावरून म्हणाल्या. "मीही बंदच पडली आहे."

सकाळच्या पूजेचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटून होतं न होतं तोच कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. सणाचा दिवस, माणसं येणार कधी आणि दुरुस्ती होणार कधी. श्रीविद्या सासूबाईंच्या उशाशी बसली, एक हात गादीवर ठेवून. कॉफीची वेळ झाली तेव्हा ती पंपाकडे कान लावून बसली. मागच्या वेळीही चालू म्हणावं तर हा एक पंखा आणि हा पंप, एवढंच तर होतं.

कॉफीची वेळ गेली. पंप घुरघुरतच होता. ऊन उतरलं, देवापाशी समई लागली, तरी हाताखालची गादी फुगत होती, बसत होती. श्रीनिवासराव घटकेघटकेला इन्व्हर्टरपाशी जाऊन येत.

करंट आला तसा गल्लीभर पोरांनी ओरडा केला. श्रीविद्यानं सासूबाईंना कुशीवर वळवून पाठ पाहिली. साफ होती. तिचा जीव भांड्यात पडला. पलंगाला टेकून ती तिथंच रडली, आणि रडताना तिला फार बरं वाटलं.

"सरस्वती पावली," श्रीनिवासराव दारातून म्हणाले.

श्रीविद्यानं फक्त बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. बहुधा तेच त्यांना टोचलं. ते बाहेरच्या खोलीत गेले. पूजा उठायची होती, त्यामुळे करंट येऊनही तिथं एकसुद्धा लाल ठिपका नव्हता. कुंकू लावलेल्या सेट-टॉप बॉक्सवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पूजेतल्या वस्तूला हात लावू नये, हे ते त्या घटकेला विसरले.

"श्रीविद्या, ही गार आहे," ते म्हणाले. मग जरा हळू विचारलं, "रोज ही कोणाचं खात होती?"

"आत्याबाईंचं," सासूबाईंच्या पलंगाकडे पाहत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूजा उठली. बातम्या बघून श्रीनिवासरावांनी रिमोटनं टीव्ही बंद केला आणि सवयीनं खुर्चीत मागं रेलले. समोर लाल ठिपका होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग गुडघ्यांवर हात रोवून उठले, भिंतीपाशी गेले आणि बटण बंद केलं. पुन्हा विसरायला नको म्हणून त्या बटणाशेजारी कुंकवाचं एक बोट टेकवलं.

"काय झालं?" आतून हिराबाईंनी विचारलं. "पुन्हा सुट्टी दिली कां?"

"दिली," ते म्हणाले. "तुझी गादी सोडून सगळ्यांस."