उजवीकडून विणलेली चाल

ताईला अर्धांगाचा झटका आला त्याला चार महिने झाले आणि धाकटी पार मेटाकुटीला आली. धाकटी म्हणजे वयाने चोपन्न, पण घरात शेवटची, म्हणून जन्माची धाकटी. सकाळी स्वेटरच्या कारखान्यात विणकाम, दुपारी घरी येऊन ताईचं अंग पुसा, कूस बदला, चमच्याने भरवा. ताई बोलत नव्हती, नजर छताला लावून पडलेली. आपण तिला ओळखू येतो की नाही, एवढं एकच धाकटीला कळायला हवं होतं. मग बाकीचं तिने कसंही रेटलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं काहीतरी ऐकवा. इथेच तर घोडं अडलं. त्यांची आई विणताना एक चाल गुणगुणायची, शब्दांवाचूनची. धाकटीला ती पाठ होती, पण तिला देवाने कान दिला होता, गळा द्यायचा विसरला होता. लहानपणी तिने तोंड उघडलं की ताई कानावर हात ठेवायची. "बस कर गं बाई, दूध नासेल." तेव्हापासून धाकटीने गाण्याचं नाव टाकलं ते टाकलंच.

मग ताईच्या लेकीने दूरगावाहून फोनवर युक्ती सांगितली. इंटरनेटवर एक पान आहे, नुसत्या चौकटी. चौकटीत टिचकी मारली की रंग भरतो आणि सूर वाजतो. वरच्या ओळीत उंच सूर, खालच्या ओळीत खालचे. भरून झालं की बटण दाबायचं, अख्खी चाल सलग वाजते. जुना लॅपटॉप घरात होताच.

"मावशी, अगदी तुझ्या विणकामाच्या नक्षीच्या चौकटींच्या कागदासारखं आहे," भाची म्हणाली. आणि नेमकं हेच तिने सांगायला नको होतं.

आठ दिवस धाकटी दुपारभर त्या चौकटींपुढे बसली. एकेक सूर सापडायला पाच-पाच टिचक्या. चुकीचा पुसायचा, वरचा बघायचा, खालचा बघायचा. मध्येच ताईची चादर बदलायला उठायचं, परत येईतो सूर डोक्यातून निसटलेला. मानेचा काटा ढिला झाला. पण पडद्यावर नक्षी उमटत होती, निळी, हिरवी, आणि ती दिसायला गोड होती, हे मात्र खरं.

नवव्या दिवशी तिने लॅपटॉप ताईच्या उशाशी ठेवला आणि वाजवायचं बटण दाबलं. जे वाजलं ते आईचं नव्हतंच. ताई छताकडे बघत राहिली. धाकटीला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला.

"सुरुवात कुठून केलीस?" भाचीने फोनवर विचारलं.

"कुठून म्हणजे? उजवीकडून. नक्षी कुठून वाचतात?"

पस्तीस वर्षं तिने नक्षीचा कागद उजव्या कडेपासूनच वाचला होता. शिकवलं ताईनेच, चुकलं की बोटावर सुई मारून. भाची आधी हसली, मग म्हणाली, "अगं, ते डावीकडून वाजतं. तुझी चाल उलटी वाजली."

घ्या. आठ दिवसांची वीण उसवायची. उसवली. बाईमाणसाला उसवण्याचं काय कौतुक? पुन्हा सहा दुपारी गेल्या, आणि सातव्या दुपारी चाल सुरळीत वाजली. आईचीच, सुरांना सूर जुळलेली. धाकटी ताईच्या तोंडाकडे बघत राहिली. पापणी नाही, ओठ नाही, काही नाही. चाल संपली. तिने पुन्हा लावली, फिरून फिरून वाजत राहील अशी. पुन्हा तेच.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि घड्या घालायला कपडे पुढ्यात ओढले. संपलं होतं सगळं, तिने मनाशी तसं कबूलही केलं. लॅपटॉप बंद करायलाही उठवेना, म्हणून तो वाजत राहिला. हातातल्या कामाबरोबर ती कधी गुणगुणायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. चाळीसेक वर्षांनी. आणि गळा होता तसाच होता, एक सूर जागेवर असेल तर शपथ.

पलंगावर काहीतरी हललं. ताईचा बरा हात पांघरुणातून बाहेर आला होता. अडखळत, थरथरत तो गालापर्यंत पोचला, आणि मग कानावर जाऊन बसला. कपाळावर आठी होती, तीच ती जुनी.

धाकटीच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिने लॅपटॉप बंद केला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, मुद्दाम, आणखी मोठ्याने.