नव्या मशीनची आंघोळ

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. धर्मा हातात पाण्याचा पाइप घेऊन गवत कापायच्या नव्या मशीनपुढे उभा होता, आणि ते मशीन त्याच्या डोळ्यांत खुपत होतं.

परळच्या या जिमखान्याचं मैदान तो बावीस वर्षं कापत आला होता. पेट्रोलचं जुनं मशीन त्याच्याशिवाय कुणाला दाद देत नसे. चोक अर्धा ओढायचा, दोरीला दोन हलके हिसके द्यायचे आणि तिसरा असा, की खांद्यातून कळ यावी. साहेब लोक ओढून ओढून घामाघूम व्हायचे आणि शेवटी हाक मारायचे, “धर्मा कुठाय रे?” त्या हाकेसाठी तो रजासुद्धा घेत नसे.

शेजारच्या इमारतींनी आवाजाची तक्रार केली आणि गणपती आटोपताच हे बॅटरीवालं मशीन आलं. चालवायला दिलं ललिताला. काल-परवापर्यंत पॅव्हेलियन झाडणाऱ्या ललिताला! तिने बटण दाबलं की झालं चालू. आता सगळे तिलाच विचारत, गवत कधी कापणार म्हणून. धर्माचा नुसता जळफळाट व्हायचा. तिने कुठे एखादा पट्टा सोडलाय का, हे तो रोज शोधत फिरे. सापडत नसे, त्याचा आणखी राग.

दरवर्षी या दिवशी तो मशीन पाइपने स्वच्छ धूत असे, उद्याच्या पूजेसाठी. यंदा जुनं मशीन ताडपत्रीखाली होतं, पूजा नव्याची. बॅटरीला पाणी चालत नाही, हे ललिताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने ते चांगलं लक्षात ठेवलं होतं.

त्याने नळ सोडला. चाकं धुतली, पातं धुतलं, आणि मग बॅटरीच्या झाकणाच्या फटीवर धार धरली, चांगली दोन मिनिटं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, दरवर्षीची रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूचा हार आला, नारळ आला, सेक्रेटरी यशोधन आले.

“पूजेआधी जरा चालवून दाखव, ललिता.”

धर्माने श्वास रोखला. आता हे बंद पडणार आणि सगळे आपल्याकडे वळणार.

ललिता आतून काहीतरी घेऊन आली. बॅटरी. कोरडी ठणठणीत.

“काका दसऱ्याला मशीन धुतात ना सर, म्हणून मी परवाच काढून ठेवली,” ती म्हणाली. मग धर्माजवळ येऊन हळूच, “आतला खण पुसून घेतला मी सकाळी. बरंच पाणी होतं, काका.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“बसवा तुम्ही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मशीनची पूजा तुमच्याच हातची.”

धर्माने बॅटरी घेतली. ती कुठल्या बाजूने बसते हेच त्याला ठाऊक नव्हतं. लावून पाहिली, बसेना. उलटी केली, तरी बसेना. मागे कुणीतरी हसलं. त्याची कानशिलं तापली.

ललिता हार घेऊन वाकली. झेंडूंच्या आड तिचा हात त्याच्या हाताला लागला, बॅटरी अर्धी वळली आणि खट्कन बसली. बघणाऱ्यांना वाटलं, ती हार नीट करतेय.

“झालं बघा काकांचं!” म्हणत तिने बटण दाबून मशीन क्षणभर चालवून दाखवलं.

टाळ्या वाजल्या. धर्माने मशीनला कुंकू लावलं, हात जोडून डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.