पाच कोयते

टॅबवर स्वप्नाच्या उत्तरापुढं लाल फुली उमटली आणि अंजनाबाईंना हायसं वाटलं. लगेच स्वतःचीच लाजही वाटली, पण हायसं वाटलं ते वाटलंच.

चकलांब्याजवळच्या या वस्तीशाळेत त्या एकट्या शिक्षिका. पट अकराचा. त्यातून स्वप्ना ही प्रवेशपरीक्षा पास होऊन बागायतदार विजयसिंहांच्या निवासी इंग्रजी शाळेत गेली की दहा उरणार, आणि दहा पोरांची शाळा कधी दुसऱ्या गावात मिसळून टाकतील याचा काही नेम नव्हता.

"एका मार्कानं हुकली बघा," विजयसिंह टॅब मिटत म्हणाले. "तरी सांगतो, या दोन खोल्यांत आता काही राहिलं नाही, बाई. हुशार पोरं बाहेर काढायला पाहिजेत."

"सगळी बाहेर काढल्यावर गावात काय ठेवायचं?"

बाईंनी फुलीवरचा प्रश्न मघाशीच वाचला होता. 'फडात पाच कोयते ऊस तोडत आहेत. माणसे किती?' स्वप्नानं लिहिलं होतं, दहा. बाई गप्प राहिल्या होत्या.

दारात टेकलेला नाथा, स्वप्नाचा बाप, उठला.

"न्हाई जमलं म्हणायचं. परवा तोडीचा ट्रक येतोय. तिलाबी नेतो आमच्यासंगं कारखान्याला, धाकट्याला संभाळंल."

"अरे, आजीपाशी ठेवणार होतास ना तिला?"

"म्हातारीला लई कमी दिसतंय आता. हितं पोरगी कुणाच्या जिवावर ठेवू, बाई?"

बाईंनी हजेरीवही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खिडकीपाशी जाऊन आल्या.

"साहेब, तिचं उत्तर बरोबर आहे."

"अहो, टॅब चूक दाखवतोय."

"टॅबला काय कळतंय डोंबल! आपल्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं. तुमच्याच उसात तुम्ही कसे मोजता?"

विजयसिंहांनी टॅब उघडून प्रश्न वाचला आणि ते मोठ्यांदा हसले.

"आयला, खरंच की! पुण्याच्या पोरांनी काढलाय पेपर, त्यांना काय ठाऊक!" मग म्हणाले, "पण बाई, तुमचा पट?"

"घेऊन जा तिला," बाई जवळजवळ खेकसल्याच.

विजयसिंहांनी प्रवेशाच्या यादीत स्वप्नाचं नाव घातलं. नाथानं दोघांनाही हात जोडले.

स्वप्ना बाहेर टाकीपाशी उभी होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं बघ तुझं काम. तुझं दहा बरोबर होतं, मी सांगितलं साहेबांना."

पोरीचा चेहरा उतरला.

"कावून सांगितलं, बाई?" ती रडवेली होऊन म्हणाली. "त्यायला पाच पायजे व्हतं, मला म्हाईत व्हतं. मला तुमच्यापाशीच शिकायचं व्हतं, म्हणून मी मुद्दाम दहा लिवलं."