उतरलेल्या भुवया

कोरियातल्या दैगू शहराच्या जुन्या बाजारात मालसुनचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. मुळ्याची आंबवलेली तिखट किमची, सोयात शिजवलेली कमळकाकडी, तिखट सुकी मासळी, असं सगळं ती स्वतः करायची. साठी ओलांडल्यावर तिच्या पापण्या इतक्या लोंबल्या की समोरचं माणूस नीट दिसावं म्हणून ती दिवसभर भुवया ताणून वर धरायची. कपाळावर आठ्यांची रांग उभी राहायची. पण त्यामुळेच तिचा चेहरा कायम ‘अगं बाई, आलीस का?’ असं म्हणत असल्यासारखा दिसायचा, आणि बाजारातल्या बायकांना तो फार आवडायचा.

तिची एकुलती मुलगी सोरा. तिचं लग्न ठरलं, दोन्ही घरची माणसं एका मोठ्या हॉटेलात जेवायला भेटली, आणि त्यानंतर सोराने धोशाच लावला. “आई, पापण्यांचं ऑपरेशन करून घे. लग्नाच्या फोटोत तुझे डोळे दिसायचेच नाहीत.”

“या वयात मला कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!”

मालसुन विरघळली. नवरा गेल्यापासून तिचं कोणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

दवाखान्यात सोरा बरोबर होतीच. मालसुनला कमी ऐकू यायचं. माणसाचे ओठ दिसले तर तिला बोलणं समजायचं, पण डॉक्टर ग्वाक यांच्या तोंडावर मास्क होता आणि आवाजही हळू. त्यांनी तिच्या हातात आरसा दिला, अंगठ्याने तिची भुवई खाली दाबली आणि बराच वेळ काहीतरी समजावलं. सोरा मधून मधून मान डोलवत होती.

“काय गं, काय म्हणाले?” बाहेर आल्यावर मालसुनने विचारलं.

“काही नाही गं. महिनाभर सूज राहील म्हणाले. घाबरू नकोस, मी आहे ना.”

ऑपरेशन झालं. सूज उतरली. गल्लीपलीकडच्या पाट्या मालसुनला लख्ख दिसायला लागल्या. पण तिच्या भुवया खाली घसरल्या आणि थेट डोळ्यांवर येऊन बसल्या. कपाळ गुळगुळीत झालं आणि चेहरा रागीट.

“कोणाशी भांडून आलीस?” शेजारच्या दुकानातली छुन्जा म्हणाली.

गिऱ्हाइकं “मावशी, बरं नाही का?” असं विचारायची आणि गप्पा न मारता निघून जायची. मालसुन आरशापुढे उभी राहून भुवया उचलून बघायची. उचलल्या की वर जायच्या, सोडल्या की परत खाली. ऑपरेशन बिघडलं, असं तिने धरूनच टाकलं. लेकीला लग्नाच्या धांदलीत कशाला त्रास, म्हणून ती एकटीच बसने दवाखान्यात गेली.

“मास्क काढा आणि मोठ्याने बोला,” ती डॉक्टरांना म्हणाली. “माझ्या भुवयांना काय केलंत?”

डॉक्टरांनी मुकाट्याने मास्क काढला. “आजी, भुवयांना मी हातही लावलेला नाही. पापण्या जड होत्या म्हणून तुमचं कपाळ त्यांना वर ओढून धरत होतं. आता पापण्या हलक्या झाल्या, कपाळाने ओढणं सोडलं, म्हणून भुवया उतरल्या. सगळ्यांचं इतकं होत नाही, पण तुमचं होणार हे दिसत होतं. मी दाबून दाखवलं होतं ना? त्याच वेळी भुवयाही उचलून घेऊ का, असंही विचारलं होतं.”

“मला? मला कधी विचारलंत?”

डॉक्टर अडखळले. “तुमची मुलगी म्हणाली, आईला मी सगळं नीट सांगते. नंतर तिचा फोन आला, की भुवया खाली आल्या तर उलट बरंच, आईला तसंच हवंय. मी तुमच्याशीच बोलायला हवं होतं. माझं चुकलं.”

मालसुन उठली. बसथांब्यावर तिच्यासमोरून दोन बसगाड्या निघून गेल्या, तरी ती बसूनच राहिली.

संध्याकाळी सोरा लग्नात आईने घालायचा गुलाबी हानबोक, म्हणजे पारंपरिक झगा, घेऊन आली. मालसुनने त्याची घडीसुद्धा मोडली नाही.

“डॉक्टर काय म्हणाले होते, ते आता सांग.”

सोराचा चेहरा उतरला. आधी तिने आठवत नाही म्हटलं, मग रडायला लागली. “तुला सांगितलं असतं तर तू केलंच नसतंस.”

“नसतंच केलं. माझा चेहरा होता तो.”

“त्या दिवशी हॉटेलात तू हात धुवायला गेलीस, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तुझी आई सारखी काहीतरी मागत असल्यासारखी काय बघते गं?”

“मग तू काय म्हणालीस?”

सोरा डोळे पुसायला लागली.

“काय म्हणालीस, सोरा?”

“मी... हसले.”

मालसुनला वाटलं, हेही ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. पण लेक समोरच बसली होती आणि तिचे ओठ स्पष्ट दिसत होते.

लग्नात मालसुन गेली. गुलाबी हानबोक घालून विहीणबाईंच्या बरोबरीने चालत गेली, रिवाजाप्रमाणे तिच्यासोबत मेणबत्ती पेटवली, लेकीचा नमस्कार घेतला. “किती भारदस्त दिसताय हो!” विहीणबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या.

“तुमच्या मनासारखं झालं ना? मग झालं तर,” मालसुन म्हणाली. बाजूला उभ्या असलेल्या सोराने मान खाली घातली.

लग्नानंतर काही आठवड्यांनी सोरा दुकानात आली. राजधानी सोलमधला एक मोठा डॉक्टर तिने शोधून काढला होता, भुवया वर उचलून देणारा. “आई, सगळं पहिल्यासारखं होईल. मी येते ना तुझ्याबरोबर.”

“ज्या चेहऱ्याची लाज वाटून तू हसलीस, तो कशाला परत आणायचा?” मालसुन कमळकाकडी डब्यात भरत म्हणाली. “आणि माझ्याबरोबर आता तू कुठे यायचं नाहीस. डॉक्टरकडे तर मुळीच नाही.”

“आई, माफ कर ना गं.”

“करेन कधीतरी. आज होत नाहीये.”

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि जावयाला आवडते म्हणून सुकी मासळी वेगळी बांधून दिली. सोरा पिशवी घेऊन जरा वेळ घुटमळली, मग गेली. मालसुनने तिला थांब म्हटलं नाही.