डॉरथीचा वाडगा

सेंट जेनेव्हिव्ह आमच्या सेंट लुइसहून तासाभरावर. मिसिसिपीकाठी फ्रेंचांनी वसवलेलं जुनं गाव. उभ्या ओंडक्यांची घरं, रुंद व्हरांडे, बागा, कुंभारकामाची नि विणकामाची दुकानं. आमचे हे, म्हणजे गिरीश, रिटायर्ड डॉक्टर, प्रत्येक पाटीपुढे थांबत होते.

"अगं नीला, हे ओंडके थेट जमिनीत पुरलेत!"

"असू देत पुरलेले! आधी डॉरथीकडे चला," मी करवादले. छातीशी वाडगा धरून माझे हात अवघडले होते.

दोन वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली, तेव्हा शेजारच्या डॉरथीने या मातीच्या वाडग्यातून सफरचंदाचं काहीतरी गोड आणून दिलं होतं. मी वाडगा घासूनपुसून ठेवला. आता शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं? चिमूटभर साखर घातली तरी चालते. पण नाही, मला मेलीला मिरवायला हवं! ओल्या नारळाच्या करंज्याच भरून देईन म्हटलं, आणि इथे चांगला ओला नारळ मिळायची मारामार, फ्रोझन माझ्या करंजीला चालत नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता डॉरथी घर विकून इकडे मुलीजवळ राहायला आली.

मागच्या आठवड्यात तिचं पत्र आलं. खाली एक ओळ होती: 'फ्रँकने केलेला शेवटचा वाडगा सापडत नाही. तुझ्याकडे तर नाही ना?' फ्रँक तिचा नवरा. गॅरेजमध्ये चाक लावून भांडी करायचा, बिचारा गेला. वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोनवर मी तिला 'शनिवारी येतेय' एवढंच सांगितलं, आणि कुठून कुठून ओला नारळ शोधून करंज्यांनी वाडगा भरला.

डॉरथी व्हरांड्यात बसली होती. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. करंज्या ताटलीत काढल्या, वाडगा उलटा करून तळाशी फ्रँकच्या अंगठ्याचा ठसा पाहिला. मग मीच घडाघडा सगळं सांगून टाकलं, नारळासकट.

"म्हणजे मी खरंच तुला दिला होता?" तिने विचारलं.

"हो गं बाई, माझ्या हातात दिलास."

"मी तेच म्हणत होते. पण मुलगी म्हणाली, नीलाकडे असता तर नीलाने केव्हाच परत केला असता. मलाही ते पटलं. मग मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालंय. येत्या मंगळवारी मेमरीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं."

माझा बांधच फुटला. ती माझी चांगुलपणाची ख्याती, आणि तिच्यापायी म्हातारीने स्वतःवरचा विश्वास घालवला! "चुकले गं, डॉरथी," मी म्हटलं. तिने माझा हात थोपटला नि करंजी खाल्ली. दुसरीही खाल्ली.

निघताना ती परसातून आली ती वाडग्यात नासपती भरून.

"नको, हा तुझ्याकडेच राहू दे!" मी मागे सरले.

"तुमच्यात रिकामा परत देत नाहीत ना? मग ने. पण दोन वर्षं लावू नकोस, मी चौऱ्याऐंशीची आहे."

वाटेत ह्यांनी नासपतीला हात घातला, तेव्हा मी म्हटलं, "खा, पण आधी गाडी इंडियन ग्रोसरीला घ्या. फ्रोझन नारळ घ्यायचाय."